पटावरच्या नावाचा तांदूळ

म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, निघोजे, कुरुळी. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या अशा गावांत जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट उघडला, की गावकीची आडनावं मागे पडतात आणि लातूर, नांदेड, परभणी, बुलढाण्याची आडनावं पुढे येतात. त्यांच्या जोडीला उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची. बाप कंपनीत ठेकेदाराकडे हेल्पर, आई पॅकिंगला किंवा चार घरची धुणीभांडी करणारी, राहायला चाळीतली एक खोली. खोलीचा मालक बहुतेकदा गावातलाच, ज्याची जमीन एमआयडीसीत गेली तो. रेशन कार्ड मात्र मूळ गावी, आजी-आजोबांच्या ट्रंकेत. अशा कित्येक घरांत इथल्या सरकारदरबारी नोंदलेलं एकच नाव असतं, आणि ते शाळेच्या पटावरचं.

कोरोनाच्या दोन वर्षांचा इतिहास लिहायचा तर तो रुग्णालयांपासून सुरू करायची रीत आहे. वायसीएम रुग्णालयातल्या खाटा, नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर ऑगस्ट २०२० मध्ये उभं राहिलेलं जम्बो रुग्णालय, म्हाळुंगे इंगळे इथल्या म्हाडाच्या इमारतींतलं कोविड केअर सेंटर, हे सगळं लिहिलं गेलं आहे आणि जावंही. मला तो इतिहास शाळेच्या कोठीखोलीपासून सुरू करावासा वाटतो. तिथे तांदळाचे कट्टे, डाळीची पोती, काटा आणि साठा नोंदवही असते. मार्च २०२० मध्ये वर्गांना कुलूप लागलं तेव्हा या खोलीत धान्य होतं, आणि कंपन्या बंद पडल्यावर ते कुणाचं, हा प्रश्न पुढे आला.

आधी थोडं मागे जाऊ. शाळेतल्या मुलांना अन्न द्यायची केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्या वेळी शाळेत काही शिजत नव्हतं. ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो तांदूळ मिळायचा, तो पिशवीत घालून घरी न्यायचा. पुढे अन्नाच्या अधिकाराचा खटला सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला आणि २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने आदेश दिला, की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाला वर्षातून किमान २०० दिवस शिजवलेलं जेवण द्या. त्यानंतर महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत चुली पेटल्या. शिक्षकांच्या बोलण्यात ‘शापोआ’ आला, म्हणजे शालेय पोषण आहार, आणि मुलांच्या बोलण्यात खिचडी. २००८ मध्ये सहावी ते आठवीची मुलंही योजनेत आली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने या जेवणाला हक्काचं रूप दिलं. प्रमाण ठरलं: पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावीपासून १५० ग्रॅम, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम.

पिशवीतल्या तांदळापासून ताटातल्या खिचडीपर्यंतचा हा प्रवास मोठा आहे. पिशवी घरी गेली की ती घराची होते. ताटातलं अन्न मुलाच्याच पोटात जातं. शिवाय ते शेजारी बसलेल्या सगळ्यांसारखंच असतं आणि मुख्याध्यापकांनी आधी चाखून चव रजिस्टरमध्ये सही केलेलं असतं. आई पहाटे शिफ्टला गेली असली तरी दुपारी एक गरम घास ठरलेला, हे चाकण-भोसरीच्या कामगार घरांना शाळेने दिलेलं फार मोठं आश्वासन होतं.

९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातले पहिले कोरोनाबाधित सापडले. त्याच आठवड्यात पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण निघाले. १३ मार्चला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या शाळा बंद करण्याची घोषणा केली. पाठोपाठ राज्यभरातल्या शहरी शाळा बंद झाल्या आणि काही दिवसांत खेड, मावळच्या गावांतल्याही. शाळा बंद तशी खिचडीही बंद झाली.

याकडे पहिल्यांदा मोठ्या आवाजात लक्ष वेधलं ते सर्वोच्च न्यायालयाने. १८ मार्चला, देशभर टाळेबंदी लागायच्या एक आठवडा आधी, सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने स्वतःहून हा विषय हाती घेतला आणि सगळ्या राज्यांना विचारलं: शाळा बंद केल्यात, मग या मुलांच्या जेवणाचं काय? केरळमध्ये मुलांचं अन्न घरपोच देण्याची व्यवस्था झाली होती, तिचा उल्लेख न्यायालयाने केला. दोनच दिवसांनी, २० मार्चला, केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने राज्यांना कळवलं, की शिजवलेलं अन्न द्या, नाहीतर अन्नसुरक्षा भत्ता द्या. हा भत्ता त्या दिवशी शोधून काढलेला नव्हता. २०१५ च्या मध्यान्ह भोजन नियमांत ती तरतूद होतीच: धान्य नाही, इंधन नाही, स्वयंपाकी नाही, कारण काहीही असो, जेवण देता आलं नाही तर मुलाला धान्य आणि शिजवण्याचा खर्च मिळाला पाहिजे. कोरड्या सरकारी भाषेतला हा नियम लिहिताना कुणाच्या डोक्यात महामारी नसेल. पण तो लिहून ठेवलेला होता म्हणून मार्च २०२० मध्ये मुलांचा हक्क पहिल्यापासून सिद्ध करत बसावं लागलं नाही.

मार्च सरता सरता महाराष्ट्राने ठरवलं, की शाळेत शिल्लक असलेला तांदूळ, डाळी आणि कडधान्यं पटावरच्या मुलांना समप्रमाणात वाटून टाकायची.

आता त्या दिवसांतला हा पट्टा आठवा. २५ मार्चपासून टाळेबंदी. बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो लहानमोठ्या कारखान्यांचे दरवाजे बंद. कायम कामगाराचा पगार कमीजास्त का होईना, येणार होता. ठेकेदाराच्या माणसाला मात्र काम नाही तर दाम नाही. खोलीचं भाडं थांबत नव्हतं. बाहेर पडलं तर पोलीस. पिंपरी-चिंचवडमध्ये दाट वस्तीचे भाग एकामागून एक पत्रे ठोकून बंद होत होते. मे महिन्यात चिंचवडच्या आनंदनगर झोपडपट्टीत साथ वेगाने पसरली, तेव्हा तिथल्या लोकांना धान्याची चिंता आजाराइतकीच होती.

सरकारने या काळात गरिबांसाठी काही केलं नाही, असं मी म्हणणार नाही. २६ मार्चला केंद्राने रेशन कार्डावर माणशी ५ किलो मोफत धान्य जाहीर केलं. राज्याने शिवभोजन थाळी दहाऐवजी पाच रुपयांना दिली. महापालिकेने, संस्थांनी, गुरुद्वारांनी, गणेश मंडळांनी जेवणाची पाकिटं वाटली. पण मोफत धान्य हवं तर कार्ड हवं, आणि कार्ड होतं औसा-अहमदपूरला, नाहीतर दरभंग्याला. ज्यांच्याकडे कुठलंच कार्ड नाही अशा स्थलांतरित कामगारांना दोन महिने मोफत धान्य देण्याची घोषणा अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी केली ती १४ मे रोजी. म्हणजे टाळेबंदी लागून सात आठवडे उलटल्यावर. तोवर लाखो माणसं गावाकडे चालत निघाली होती आणि १ मेपासून श्रमिक रेल्वेगाड्याही सुटू लागल्या होत्या.

या सात आठवड्यांत बिनकार्डाच्या घरात जे हक्काचं सरकारी धान्य येऊ शकत होतं, ते शाळेतलं. मुलाचं नाव पटावर आहे ना, एवढंच पाहायचं होतं. तुम्ही मूळचे कुठले, कार्ड पिवळं की केशरी, खोली कुणाची, भाडेकरार आहे का, यातलं काही विचारायची सोय त्या योजनेत नव्हतीच. याचं श्रेय शिक्षण हक्क कायद्याला द्यायला हवं. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या त्या कायद्याने जन्माचा दाखला नाही म्हणून मुलाला दारातून परत पाठवायला मनाई केली आहे. त्यामुळे परमुलखातल्या मुलाचं नाव पटावर चढणं, रेशन कार्डावर नाव चढण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. २०१७ मध्ये पोषण आहाराला आधार क्रमांक जोडण्याची अधिसूचना निघाली होती. तिच्यावर देशभर टीका झाली आणि आधार नाही म्हणून कुणाचं जेवण थांबणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. त्या टीकेचं फळ २०२० मध्ये मिळालं, असं मला मनापासून वाटतं.

वाटपाचं काम पडलं शिक्षकांवर. खरं तर तेच शिक्षक त्या वेळी नाक्यांवर उभे होते, घरोघरी सर्वेक्षण करत होते, विलगीकरण केंद्रांत आणि रेशन दुकानांत नेमणुकीवर होते. शाळांच्या अनेक इमारतींत अडकलेल्या मजुरांसाठी निवारे होते किंवा संशयित रुग्णांचं विलगीकरण. तरी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप जायचा: मुलांना आणू नका, पालकांपैकी एकानेच या, घरची पिशवी आणा, मास्क लावा. अंगणात चुन्याचे गोल. काट्यावर मोजून प्रत्येकाचा वाटा, नोंदवहीत सही किंवा अंगठा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना निरोप कसा द्यायचा, हा वेगळाच घोर. तिथे चाळीच्या मालकाला, किराणा दुकानदाराला सांगून ठेवावं लागे. साथ चाललेली असताना, स्वतःच्या घरी म्हातारे आईबाप असताना ज्यांनी हे केलं, त्यांच्या कामाची आठवण टाळ्या-थाळ्यांच्या गदारोळात फारशी कुणाला राहिली नाही.

चिंचवडला साथीच्या काळात दाराशी आलेल्या सरकारची जुनी आठवण आहे. १८९७ च्या प्लेगात पुण्यात सोजीर घराघरांत घुसून झडत्या घेत होते. त्या संतापातून चिंचवडच्या चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडली. सव्वाशे वर्षांनी त्याच चिंचवडमध्ये सरकारचा माणूस मास्क लावून तांदूळ मोजत होता. मधल्या काळात इथल्या लोकांनी आपलं सरकार मिळवलं आणि त्याच्याकडून पोराबाळांच्या जेवणाचा कायदा करून घेतला. साथीचा इतिहास लिहिताना हा फरक नोंदवलाच पाहिजे.

आता हिशेब. शाळेचे महिन्याला २४ दिवस धरले तर पहिली ते पाचवीच्या मुलाच्या वाट्याला २ किलो ४०० ग्रॅम तांदूळ येतो, सहावी ते आठवीच्या मुलाच्या वाट्याला ३ किलो ६०० ग्रॅम. दोन्ही गटांतलं एकेक मूल असलेल्या घरात महिन्याला ६ किलो. सोबत डाळ-कडधान्य. पाच माणसांच्या घराला दिवसाला दीड किलो धान्य लागतं असं धरलं, तर हे चार दिवसांचं झालं. चार दिवस म्हणजे थोडे वाटतात. पण मजुरी शून्यावर आली की उधारी मागायच्या आधीचे चार दिवस फार मोलाचे असतात. आणि इथेच या व्यवस्थेची मर्यादाही दिसते. हे धान्य दोन मुलांच्या महिन्याभराच्या दुपारच्या जेवणाचं होतं. चार दिवसांत सगळ्या घराने ते खाल्लं. खाल्लं ते बरोबरच केलं. आईने चुलीवर पातेलं ठेवलं की त्यात धाकट्याचं आणि थोरल्याचं वेगळं करता येत नाही. मात्र मुलाच्या नावाने कागदावर लिहिलेली १२ ग्रॅम प्रथिनं त्याच्या पोटात गेली का, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. १९९५ सालची पिशवी परत आली होती.

भाजी, तेल, मसाला, आठवड्याचं केळं किंवा चिक्की असं काहीही या पिशवीत मावणारं नव्हतं. १ एप्रिल २०२० पासून शिजवण्याचा दर लहान मुलामागे रोज ४ रुपये ४८ पैशांवरून ४ रुपये ९७ पैसे आणि मोठ्या मुलामागे ६ रुपये ७१ पैशांवरून ७ रुपये ४५ पैसे झाला होता. शिजवणंच थांबल्यावर तो पैसा मुलांपर्यंत कसा न्यायचा, हा गुंता पुढे दोन वर्षं सुटला नाही.

शिवाय पटाबाहेरची मुलं होती. बांधकामावरची, वीटभट्टीवरची, कधीच शाळेत न गेलेली. त्यांना काहीच नाही. गल्लीतल्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेत पोटाला चिमटा काढून घातलेली मुलंही योजनेत बसत नव्हती. हा वर्ग पिंपरी-चिंचवडमध्ये लहान नाही. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये पिंपरीत आली आणि पुढे एमआयडीसी आली, तेव्हापासून इथे येणाऱ्या प्रत्येक पिढीने पोराला आपल्यापेक्षा बऱ्या शाळेत घालायचं स्वप्न पाहिलं आहे. फी भरणं अशक्य झाल्यावर यातली कित्येक मुलं महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत आली. देशभर तेच घडलं: ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतल्या मुलांचं प्रमाण २०१८ मधल्या ६४.३ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ७०.३ टक्क्यांवर गेलं. या आकड्यामागे फीची अडचण होती, तशी पोटाचीही असणार.

तिसरी अडचण गावी निघून गेलेल्यांची. मूल लातूरला, पट चाकणला. शिधा शाळेशी बांधलेला, म्हणून त्याचा वाटा पोत्यात आणि ते मूल तीनशे किलोमीटरवर. ‘एक देश एक रेशन कार्ड’ची चर्चा त्या वर्षी जोरात होती. शाळेच्या पटाला तसे पाय फुटावेत, असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, आणि आजही म्हणायला हवं. ज्या पट्ट्यात माणसं ठेक्याच्या मुदतीप्रमाणे गाव बदलतात, तिथे मुलाचं जेवण एका इमारतीला बांधून चालत नाही.

बाहेरच्या जगातही याच सुमाराला हीच ओढाताण चालू होती. जागतिक अन्न कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे शाळाबंदी ऐन भरात असताना ३७ कोटी मुलांचं शाळेतलं जेवण तुटलं होतं. अमेरिकेत नियम शिथिल करून बंद शाळांच्या दारातून जेवणाचे डबे दिले गेले. इंग्लंडमध्ये पालकांना खरेदीची कुपनं मिळाली, आणि उन्हाळी सुट्टीत ती बंद होणार म्हटल्यावर फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड याने लहानपणची स्वतःची भूक सांगत जाहीर मोहीम उभारली. जून २०२० मध्ये सरकारला निर्णय फिरवावा लागला. आपल्याकडे सुट्टीतही शिधा द्यायचं केंद्राने एप्रिलअखेर जाहीर केलं होतं.

२०२० चं पावसाळी सत्र शाळेविना सुरू झालं. जुलैमध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडला पुन्हा दहा दिवसांची टाळेबंदी. १५ सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम. शिधा येत राहिला, पण उशिराने, दोन-दोन महिन्यांचा एकदम. भूक रोजची असते, हे या पद्धतीत बसत नव्हतं.

मग दुसरी लाट आली आणि तिच्या मागोमाग बँक खात्याचा विषय. २८ मे २०२१ रोजी केंद्राने देशातल्या ११ कोटी ८० लाख मुलांना शिजवण्याच्या खर्चापोटी एकरकमी पैसे थेट खात्यात देण्याचं ठरवलं. महाराष्ट्रातही उन्हाळी सुट्टीच्या आहाराचे पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात टाकायचे, असा आदेश निघाला. रक्कम होती पाचवीपर्यंतच्या मुलाला १५६ रुपये आणि आठवीपर्यंतच्याला २३४ रुपये. तेवढ्यासाठी मुलाचं खातं उघडायचं. त्यासाठी आधार, फोटो, पालकांचा मजुरीचा खाडा, आणि साथ चालू असताना बँकेच्या दारातली रांग. काही बँका किमान शिल्लक म्हणून त्या रकमेच्या कितीतरी पट पैसे मागत होत्या. राज्यभरातून पालक आणि शिक्षक संघटनांनी याला विरोध केला. मला या प्रसंगात पहिल्या सात आठवड्यांची उलटी बाजू दिसते. पटावरचं नाव पुरेसं होतं तोवर शिधा पोहोचला. नावाच्या जोडीला दुसरा कागद मागितला, त्या दिवशी तेच मूल पुन्हा परगावचं झालं.

शाळा उघडत-मिटत राहिल्या. ४ ऑक्टोबर २०२१ ला गावांत पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून वर्ग भरले. पहिली ते चौथीची मुलं डिसेंबरमध्ये आली. ओमायक्रॉनमुळे जानेवारीत पुन्हा कुलूप. वर्ग भरले तेव्हाही ताटं मांडली जात नव्हती, कोरडा शिधाच चालू होता. दरम्यान २९ सप्टेंबर २०२१ रोजी केंद्राने योजनेचं नाव बदलून ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ केलं. अखेर मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या शाळांत पुन्हा खिचडी शिजू लागली. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल तोवर दुसरी संपवत आलं होतं, आणि शाळेच्या ओट्यावर मित्रांच्या रांगेत बसून जेवणं त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

चुली पुन्हा पेटवल्या त्या बायकांनी. सरकारी कागदावर त्या ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’, मुलांच्या मावशी. बहुतेक जणी बचत गटातल्या, कित्येक विधवा किंवा एकटीने घर ओढणाऱ्या. महामारीच्या काळात त्यांचं मानधन महिना १५०० रुपये होतं, तेही वर्षातल्या दहाच महिन्यांचं. २०२३ मध्ये ते २५०० झालं. शाळेच्या फाटकासमोरूनच कंपनीची बस जाते, आणि त्या बसमध्ये बसणाऱ्या ठेक्यावरच्या बाईचा पगार याच्या कितीतरी पट असतो. मावशीला तो आकडा माहीत असतो. तरी सकाळी ती कोठीखोलीत येते, आजची हजेरी विचारते आणि माणशी शंभर ग्रॅमने तांदूळ मोजून घेते.